दान्तेज इन्फर्नो: ७०० वर्षं जुन्या कवितेवर बनलेला ॲक्शन गेम – संपूर्ण माहिती मराठीत

गेम म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना पब्जी, फ्री फायर आणि जीटीए एवढीच नावं आठवतात. एखाद्या जुन्या कवितेवरून गेम बनतो, तोही हाणामारीचा, हे ऐकून बरेच जण हसतात. पण २०१० साली असा गेम खरंच आला. कविता इटलीतली, विषय नरकाचा आणि गेमचं नाव 'दान्तेज इन्फर्नो', म्हणजे दान्तेचा नरक.

मी काष्टीत राहतो, श्रीगोंदा तालुक्यात. जुना प्लेस्टेशन ३ घेतला, त्यावर हा गेम पूर्ण खेळलो आणि मग कवितेचं इंग्रजी भाषांतर वाचलं. गेम खेळला की कविता कळते का, हा प्रश्न मला त्यानंतर कॉलेजच्या दोन-तीन मुलांनी विचारला. म्हणून आज गेमची माहिती तर बघूच, पण कवितेतलं काय गेममध्ये आलं आणि काय गळालं हेही नीट समजून घेऊ.

गेमची थोडक्यात माहिती

- नाव: दान्तेज इन्फर्नो
- बनवणारी कंपनी: व्हिसरल गेम्स, कॅलिफोर्निया (डेड स्पेस बनवणारी हीच)
- प्रकाशक: इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए
- कधी आला: फेब्रुवारी २०१०
- कशावर चालतो: प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि पीएसपी
- प्रकार: जवळून मारामारीचा ॲक्शन गेम, गॉड ऑफ वॉरच्या धर्तीचा
- वय: फक्त मोठ्यांसाठी

मूळ कविता काय आहे?

दान्ते अलिगिएरी हा कवी १२६५ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्मला. शहराच्या राजकारणात तो हरलेल्या गटात पडला आणि १३०२ मध्ये त्याला हद्दपार केलं गेलं. तो परत कधीच घरी गेला नाही. १३२१ मध्ये राव्हेन्ना इथे त्याचा मृत्यू झाला. हद्दपारीच्या काळात त्याने एक प्रचंड काव्य लिहिलं, जे आज 'डिव्हाइन कॉमेडी' म्हणून ओळखलं जातं. त्याचे तीन भाग आहेत: नरक, शुद्धीचा डोंगर आणि स्वर्ग. एकूण १०० सर्ग, त्यातले पहिले ३४ नरकाचे. हा पहिला भाग म्हणजे 'इन्फर्नो'.

त्या काळी विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहायचे. दान्तेने मात्र लोकांच्या बोलीत, टस्कनीच्या भाषेत लिहिलं. आपल्याला हे समजायला अवघड नाही. आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी संस्कृतातली गीता मराठीत आणली, ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० ला. तेव्हा दान्ते २५ वर्षांचा होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण काळ एकच आणि हट्टही एकच: मोठी गोष्ट लोकांच्या भाषेत सांगायची.

कवितेची गोष्ट साधी आहे. दान्ते स्वतःच तिचा नायक. तो रानात वाट चुकतो. रोमचा जुना कवी व्हर्जिल येतो आणि त्याला नरकातून खाली खाली घेऊन जातो. दान्तेच्या हातात शस्त्र नाही. तो बघतो, घाबरतो, रडतो, प्रश्न विचारतो, कधी रागावतो तर कधी शुद्ध हरपून पडतो.

दान्तेचा नरक आणि आपला नरक

आमच्या भागात दशक्रियेला नदीकाठी प्रवचन असतं. तिथे यमदूत, चित्रगुप्ताची वही, वैतरणी, कुंभीपाक हे शब्द कानावर पडतातच. जत्रेत पूर्वी 'करणी तशी भरणी' अशी चित्रंही मिळायची. त्यामुळे दान्तेचा नरक आपल्याला एकदम परका वाटत नाही. वैतरणीसारखी त्याच्याकडे आकेरॉन नदी आहे आणि पलीकडे नेणारा कॅरन नावाचा नावाडी आहे. यमधर्मासारखा निवाडा करणारा मिनोस आहे. तो आपली शेपटी अंगाभोवती जितके वेढे घेईल, तितक्या खालच्या वर्तुळात पापी जातो.

शिक्षा ठरवण्याचं तत्त्वही करावं तसं भरावं असंच आहे. वासनेच्या वाऱ्यावर जे वाहवले, त्यांना तिथे वादळ कायम फिरवत राहतं. भविष्य सांगतो म्हणून पुढचं बघणाऱ्यांची मान उलटी फिरवलेली असते, त्यांना फक्त मागचं दिसतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपल्या पुराणांत नरक भोगून संपतो आणि जीव पुन्हा जन्माला येतो. दान्तेच्या नरकातून सुटका नाही, शिक्षा कायमची आहे. गेमने नेमकी हीच गोष्ट बदलली आहे, ते पुढे येईलच.

गेमची गोष्ट काय आहे?

गेममधला दान्ते कवी नाही, सैनिक आहे. तिसऱ्या धर्मयुद्धात, ११९१ च्या सुमारास, तो आक्र शहराच्या वेढ्यात लढतोय. म्हणजे खऱ्या दान्तेच्या जन्माच्या ७४ वर्षं आधी! युद्धात त्याला मरण येतं, तेव्हा न्यायला आलेल्या मृत्यूलाच तो हरवतो आणि त्याचा लांब दांड्याचा कोयता हिसकावून घेतो. घरी येतो तर त्याची प्रिय बिआट्रिस मारली गेलेली असते आणि तिचा आत्मा लूसिफर, म्हणजे सैतान, ओढून नेतो. दान्ते तिच्या मागे नरकात उतरतो. वाटेत त्याने युद्धात आणि घरात केलेली पापं एकेक करून समोर येतात. छातीवर त्याने लाल कापडाचा क्रूस शिवून घेतलाय, त्यावर ही पापं चित्रांत दिसतात.

इथेच पहिला मोठा बदल झाला. कवितेत बिआट्रिस स्वर्गात आहे आणि वाट चुकलेल्या दान्तेच्या मदतीला तीच व्हर्जिलला पाठवते. म्हणजे वाचवणारी ती आहे. गेममध्ये उलट झालं: ती संकटात सापडलेली बाई आणि हा तिला सोडवणारा वीर. सिनेमात हजार वेळा पाहिलेली गोष्ट.

खेळायचा कसा?

जवळच्या मारामारीला कोयता आणि लांबच्या माऱ्याला बिआट्रिसने दिलेला क्रूस, ही दोन मुख्य हत्यारं. सोबत जादूचे प्रकार मिळतात. शत्रू मारले की आत्मे जमा होतात आणि ते खर्चून नवीन डाव विकत घेता येतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, त्यामुळे बटण दाबलं की हात लगेच हलतो. हा भाग कंपनीने खरंच चांगला केलाय.

यातली खास गोष्ट म्हणजे 'शिक्षा की माफी'. शत्रूला पकडलं की दोन पर्याय येतात. शिक्षा दिली तर कोयत्याची ताकद वाढते, माफी दिली तर क्रूसाची. वाटेत कवितेतले आणि इतिहासातले नावाजलेले पापीही भेटतात, त्यांच्याबद्दल चार ओळी माहिती येते आणि तुम्हाला निकाल द्यायचा असतो. माफी द्यायची असेल तर सरकत येणारी पापं बटण दाबून टिपायचा छोटा खेळ खेळावा लागतो.

आमच्यासारख्या गावात उपयोगी पडेल अशी एक सूचना: प्रगती साठवायला बिआट्रिसच्या मूर्तीपाशी जावं लागतं. लाइट गेली तर मागच्या मूर्तीपासून पुन्हा सुरुवात. त्यामुळे मूर्ती दिसली की पुढे पळू नका, आधी सेव्ह करा.

नऊ वर्तुळं: कवितेत काय, गेममध्ये काय?

दान्तेचा नरक नरसाळ्यासारखा आहे. वरून खाली नऊ वर्तुळं आणि प्रत्येक खालचं वर्तुळ जास्त मोठ्या पापाचं. गेम बनवणाऱ्यांना हे आयतंच मिळालं, कारण ॲक्शन गेमच्या लेव्हलही अशाच एकाखाली एक आणि अवघड होत जातात.

१. लिम्बो: कवितेत इथे छळ नाही. ख्रिस्ताआधीचे चांगले लोक, होमरसारखे कवी, फक्त आस लावून बसलेत. गेममध्ये इथेच मिनोसशी मोठी लढाई होते.

२. वासना: कवितेत न थांबणारं वादळ. गेममध्ये त्या वादळात उभा एक मनोरा, वर क्लिओपात्रा आणि मार्क अँटनी.

३. खादाडपणा: कवितेत घाण पावसाचा चिखल आणि तीन तोंडांचा कुत्रा सर्बेरस. गेममध्ये सर्बेरसचा किळसवाणा राक्षस झालाय.

४. लोभ: कवितेत साठवणारे आणि उधळणारे दोन्ही इथेच, मोठाले दगड एकमेकांवर ढकलत. गेममध्ये वितळलेलं सोनं आणि दान्तेचा स्वतःचा बाप.

५. क्रोध: स्टिक्स नदीची दलदल. गेममध्ये फ्लेगियास नावाच्या अगडबंब राक्षसावर बसून जाता येतं.

६. पाखंड: दोन्हीकडे जळत्या कबरी.

७. हिंसा: उकळत्या रक्ताची नदी, आत्महत्या केलेल्यांचं झाडांचं रान आणि तापलेली वाळू. गेमने हे तिन्ही घेतलेत. रानात दान्तेला त्याची आई भेटते, हा गेममधला सगळ्यात हळवा प्रसंग.

८. कपट: कवितेत दहा खंदक. गेममध्ये काय झालं ते खाली वेगळं सांगतो.

९. विश्वासघात: गोठलेलं तळं. हो, दान्तेच्या नरकाचा तळ आगीचा नाही, बर्फाचा आहे. लूसिफर त्यात कमरेपेक्षा वरपर्यंत रुतलेला आहे. गेमनेही बर्फ ठेवलाय.

षड्रिपूंमधले काम, क्रोध आणि लोभ यात सरळ दिसतात. पण कपट आणि विश्वासघात खुनापेक्षाही खाली का? दान्तेचं म्हणणं असं की बुद्धी ही माणसाला मिळालेली खास देणगी, ती वापरून दुसऱ्याला बुडवणं हे रागाच्या भरात केलेल्या मारामारीपेक्षा वाईट. आमच्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात हे लगेच पटेल. तिथे दोघांची हातघाई झाली तर महिन्याभरात मिटते. पण ओळखीच्या माणसाने म्हातारा बैल कोवळा म्हणून गळ्यात मारला, तर त्याच्याशी पुन्हा कोणी व्यवहार करत नाही.

गेममध्ये काय हरवलं?

आता आठव्या वर्तुळाकडे येऊ. कवितेच्या ३४ पैकी १३ सर्ग, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त, या एका वर्तुळावर आहेत. दलाल, खुशामत करणारे, लाच खाणारे, ढोंगी, चोर, खोटा सल्ला देणारे, भांडणं लावणारे अशी कपटाची प्रत्येक जात दान्तेने वेगळी केलीय. लाचखोरांना उकळत्या डांबरात टाकलंय. ढोंग्यांच्या अंगावर बाहेरून सोनेरी आणि आतून शिशाचे जड झगे आहेत. कवितेचा हा सगळ्यात तिखट भाग, कारण इथली माणसं आपल्याला रोज भेटतात.

गेममध्ये या दहा खंदकांच्या जागी दहा आखाडे आहेत. प्रत्येकात एक कसोटी: सलग इतके वार करा, इतका वेळ हवेत राहा. कोण पापी, काय पाप, शिक्षा तीच का, यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. खेळताना मला इथेच सगळ्यात जास्त कंटाळा आला आणि वाचताना इथेच पुस्तक खाली ठेवता आलं नाही.

याचं कारण बजेट किंवा घाई असेलही, पण मूळ अडचण वेगळी आहे. कवितेत नायकाचं काम बघणं आणि समजून घेणं आहे. ॲक्शन गेममध्ये नायकाचं काम मारणं आहे. वादळ, रक्ताची नदी, बर्फ ही दृश्यं गेममध्ये सहज येतात. लाचखोर माणसाशी बोलून त्याचा स्वभाव कळणं, हे कोयत्याने होत नाही.

फ्रान्चेस्काचं उदाहरण घ्या. दुसऱ्या वर्तुळात ती आपल्या प्रेमाची गोष्ट सांगते. ती ऐकून दान्तेचं मन इतकं कालवतं की तो कोसळतो. ती दोषी आहे हे त्याला माहीत आहे आणि तिची दयाही येते. वाचकाला या दोन्हींच्या मध्ये उभं राहावं लागतं. खाली सातव्या वर्तुळात त्याला वडिलांसारखा मान दिलेला ब्रुनेत्तो लातिनी भेटतो. तिथेही शिक्षा टळत नाही आणि आदरही कमी होत नाही. गेममध्ये याच फ्रान्चेस्कासमोर दोन बटणं येतात: शिक्षा किंवा माफी. एक निवडलं की विषय संपला, गुण जमा.

पण गेमच्या बाजूनेही बोललं पाहिजे. माफीचं बटण हा विचार धाडसी आहे. कवितेत निकाल देवाचा, तो बदलत नाही. गेम तो निकाल तुमच्या हातात देतो. मी सुरुवातीला ताकद वाढावी म्हणून हिशेबाने शिक्षा आणि माफी वाटत होतो. पुढे काही नावांपाशी हात थांबायला लागला. गेमने माफीला गुणांचं आमिष लावलं नसतं, तर हा भाग आणखी वजनदार झाला असता.

जाहिरातीवरून झालेले वाद

ईएने या गेमची जाहिरात फार वेगळ्या पद्धतीने केली. जून २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनाबाहेर काही लोक धार्मिक फलक घेऊन गेमचा निषेध करत होते. नंतर कळलं की ही माणसं कंपनीच्याच मोहिमेतली होती. त्याच वर्षी कॉमिक-कॉनमध्ये महिला मॉडेलसोबत वासनेचं कृत्य करून फोटो काढा अशा अर्थाची स्पर्धा ठेवली, त्यावर मोठी टीका झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली.

एक कल्पना मात्र दान्तेला शोभणारी होती. गेमवर लिहिणाऱ्या पत्रकारांना २०० डॉलरचे चेक पाठवले. वटवला तर तुम्ही लोभी, नाही वटवला तर उधळे. चौथ्या वर्तुळात साठवणारे आणि उधळणारे एकत्र आहेत, हे इथे बरोबर पकडलं होतं.

मार्च २०१० मध्ये गॉड ऑफ वॉर ३ आला आणि तुलनेत हा गेम झाकोळला गेला. शेवटी पुढचा भाग येणार असं सुचवलं होतं, पण तो आला नाही. व्हिसरल गेम्स ही कंपनी २०१७ मध्ये ईएने बंद केली.

या कवितेचं मुंबईशी नातं

हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. मुंबईत फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. तिथे डिव्हाइन कॉमेडीचं एक फार जुनं हस्तलिखित जपून ठेवलंय. १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ते संस्थेला दिलं. मुसोलिनीने ते इटलीला परत नेण्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि संस्थेने नकार दिला, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ज्या कवितेवर कॅलिफोर्नियात गेम बनला, तिची हाताने लिहिलेली जुनी प्रत आपल्या राज्यात आहे, हे लक्षात असू द्या.

आपल्याकडे असा गेम बनू शकतो का?

सुरुवात झालीय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा ॲक्शन गेम २०२० मध्ये आणला. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिचं हत्यार. मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारख्या दाखवल्यात. २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

राजीवाल्यांनी एक शहाणपणा केला. त्यांनी एखादं पुराण जसंच्या तसं उचलून त्याचा नायक बदलला नाही. पुराणांच्या जगात स्वतःचं नवीन पात्र उभं केलं. उद्या कोणी गरुडपुराणावर गेम करायला घेतला, तर दान्तेज इन्फर्नोचा धडा कामाला येईल: नरकाची दृश्यं सगळ्यात सोपी, हिशेब का आणि कसा होतो ते दाखवणं अवघड. चित्रगुप्ताच्या वहीतून एकेका माणसाचा गुंता सोडवायचा असा खेळ, माझ्या मते यमदूतांना झोडपण्यापेक्षा जास्त रंगेल.

आज हा गेम कसा खेळता येईल?

- प्लेस्टेशन ३ वर: जुनी डिस्क मिळाली तर. हीच डिस्क प्लेस्टेशन ४ किंवा ५ वर चालत नाही.
- एक्सबॉक्सवर: जुने गेम चालवण्याच्या सोयीमुळे एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सवर चालतो. घरी एक्सबॉक्स असेल तर हाच सोपा मार्ग.
- कॉम्प्युटर आणि मोबाइलवर: कंपनीने यासाठी गेम काढलाच नाही. 'फ्री डाउनलोड' म्हणून दिसणाऱ्या फाइल म्हणजे पायरसी आणि त्यांच्यासोबत व्हायरसही येतात. लांब राहा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलांना खेळायला द्यावा का?
नाही. रक्तपात आहे, नग्नता आहे आणि मेलेल्या बाळांना शत्रू म्हणून दाखवलंय. अठराच्या आत नकोच.

डेव्हिल मे क्राय मधला दान्ते हाच का?
नाही. नाव या कवीवरून घेतलंय, पण गोष्ट आणि कंपनी दोन्ही वेगळ्या.

कविता फुकट वाचता येते का?
हो. लाँगफेलो यांचं १८६७ चं इंग्रजी भाषांतर कॉपीराइटमधून मुक्त आहे. गेमच्या वेळी तेच भाषांतर गेमच्या चित्राचं मुखपृष्ठ लावून पुन्हा छापलं होतं. भाषा जुनी आहे, म्हणून टिपांसह असलेली प्रत घ्या.

परीक्षेत किंवा प्रोजेक्टमध्ये गेमची गोष्ट लिहिली तर चालेल का?
अजिबात नाही. दान्ते सैनिक, बिआट्रिस नरकात, बापाशी लढाई हे सगळं गेमचं आहे. वर्तुळांचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखा आहे, तेवढा गेमवरून पाठ करा.

आधी काय, गेम की कविता?
गेम आधी खेळलात तर नरकाचा नकाशा डोळ्यांसमोर बसतो आणि वाचताना कुठे आहोत ते लगेच कळतं. माझं तसंच झालं. फक्त गेमवर थांबू नका. निदान पाचवा सर्ग, फ्रान्चेस्काचा, वाचा. तो वाचून झाल्यावर तिच्यासाठी कोणतं बटण दाबाल, ते स्वतःला विचारून बघा.